विद्यापीठ नेमके कोण चालवते? अधिसभेची निवडणूक लढवू पाहणाऱ्या पदवीधरास उत्तर

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुमच्या तालुक्यातील महाविद्यालयांचे निकाल दरवर्षी रखडतात, मुलांचे पुढचे प्रवेश त्यात हुकतात, आणि म्हणून तुम्ही नोंदणीकृत पदवीधर गटातून विद्यापीठाच्या अधिसभेची (सिनेटची) निवडणूक लढवण्याच्या विचारात आहात. पण एक मित्र म्हणतो की सगळे कुलगुरूंच्या मर्जीवर चालते, दुसरा राज्यपालांकडे बोट दाखवतो, तिसरा सांगतो की खरे निर्णय मंत्रालयात होतात आणि अधिसभा म्हणजे वर्षातून दोनदा होणारा गोंधळ. तेव्हा निवडून येऊन हाती काय लागणार, असे तुम्ही विचारले आहे.

मी राज्यातील एका अकृषी विद्यापीठाच्या सभा विभागात कामाला लागले आणि कुलसचिव (रजिस्ट्रार) पदावरून निवृत्त झाले. विषयपत्रिका तयार करणे, इतिवृत्त लिहिणे आणि झालेल्या ठरावांचा पाठपुरावा करणे यातच माझी बहुतेक नोकरी गेली, त्यामुळे माझे उत्तर कागदाच्या वाटेने जाणारे असेल. काही गोष्टी तुमच्या विद्यापीठाच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. संलग्न महाविद्यालये किती आहेत, वरिष्ठ अधिकारी पूर्णवेळ आहेत की प्रभारी, कुलगुरू नव्याने आलेले आहेत की मुदतीच्या शेवटाला टेकले आहेत, यांनुसार एकच कायदा दोन विद्यापीठांत फार वेगळा वागतो. कायदा मात्र एकच आहे : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६. तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला आणि १९९४ चा कायदा त्याने मोडीत काढला. कृषी विद्यापीठे, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि लोणेरेचे तंत्रशास्त्र विद्यापीठ यांचे कायदे निराळे आहेत, त्यामुळे खालील विवेचन त्यांना जसेच्या तसे लावू नये.

तुमच्या तिन्ही मित्रांचे थोडे थोडे बरोबर आहे. त्यांची गफलत अशी की विद्यापीठाला कुणीतरी एक मालक असलाच पाहिजे असे ते गृहीत धरतात. सार्वजनिक विद्यापीठात अधिकार निर्णयाच्या टप्प्यांवर वाटलेला असतो. विषय मांडण्याचा अधिकार एकाकडे, तो मंजूर करण्याचा दुसऱ्याकडे, त्यासाठी लागणारा पैसा किंवा पद देण्याचा तिसऱ्याकडे आणि तो रोखण्याचा चौथ्याकडे, अशी ही रचना आहे. म्हणून ‘कोण चालवते’ यापेक्षा ‘हा विशिष्ट विषय आज कुणाच्या टेबलावर आहे आणि तेथून तो कशामुळे हलत नाही’ हा प्रश्न जास्त उपयोगाचा ठरतो. आता एकेक टेबल पाहू.

राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती असतात. अधिसभेचे अध्यक्षपद त्यांचे, कुलगुरूंची नेमणूक त्यांची, विविध प्राधिकरणांवरील, म्हणजे विद्यापीठाच्या निर्णय घेणाऱ्या परिषदा व मंडळांवरील, बऱ्याच सदस्यांचे नामनिर्देशनही त्यांचेच. एखादा ठराव कायद्याशी विसंगत असेल तर तो स्थगित करण्याचा किंवा त्यात फेरफार करण्याचा अधिकारही त्यांना आहे. कुलगुरूंना पदावरून दूर करण्याचे शस्त्र त्यांच्याकडे असते आणि ते केवळ कागदावरच आहे असे नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठातील निकालांच्या गोंधळानंतर तेथील कुलगुरूंना तत्कालीन कुलपतींनी दूर केले होते. परंतु कुलपती विद्यापीठ चालवत नाहीत. त्यांच्या कार्यालयाशी विद्यापीठाचा संबंध मुख्यतः पत्रव्यवहाराचा असतो : निवेदन तिकडे जाते, ‘नियमानुसार उचित कार्यवाही करावी’ अशा शेऱ्यासह ते कुलसचिवांकडे परत येते आणि ज्या विभागाविरुद्ध तक्रार असते त्याच विभागाकडे अभिप्रायासाठी जाते. तेव्हा निकालाचे गाऱ्हाणे थेट राज्यपालांकडे नेऊन ते सुटेल, ही आशा बाळगू नका.

कुलपती या नात्याने राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागायचे की स्वतःच्या विवेकाने, हा वाद जुना आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील कन्नूर विद्यापीठाच्या कुलगुरूंची फेरनियुक्ती रद्द केली. राज्य शासनाने नेमणुकीच्या प्रक्रियेत अवाजवी हस्तक्षेप केला आणि कुलपतींनी स्वतंत्रपणे निर्णय घेतला नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. आपल्याकडे हाच ताण वेगळ्या रूपाने दिसला. डिसेंबर २०२१ मध्ये विधिमंडळाने एक दुरुस्ती विधेयक मंजूर केले. उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना प्र-कुलपती (कुलपतींच्या खालोखालचे पद) करावे आणि कुलगुरूपदासाठी राज्य शासनाने दोन नावे कुलपतींकडे पाठवावीत, अशा तरतुदी त्यात होत्या. कायदा होण्यासाठी लागणारी पुढची मंजुरी त्याला मिळाली नाही आणि २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने ते मागे घेतले. त्या वेळी ‘मंत्री प्र-कुलपती होणार’ म्हणून मोठा गदारोळ झाला. प्रत्यक्षात कृषी विद्यापीठांत कृषिमंत्री आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठात वैद्यकीय शिक्षणमंत्री पूर्वीपासूनच प्र-कुलपती आहेत. खरी चिंता दोन नावांच्या तरतुदीची होती, कारण कुलगुरू शोध समितीच्या यादीतून कुलपतींपर्यंत काय पोहोचायचे हे मंत्रालय ठरवणार होते. माझ्या मते ते विधेयक मागे गेले हे बरेच झाले.

कुलगुरूंची निवड कशी होते, हे तुम्ही नीट समजून घ्यावे, कारण पुढच्या सगळ्या कारभाराचा सूर तेथेच लागतो. शोध समिती नेमली जाते. तिच्यात कुलपतींनी नेमलेले अध्यक्ष, राज्य शासनाचा प्रतिनिधी आणि व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद यांनी मिळून सुचवलेला राष्ट्रीय कीर्तीच्या संस्थेचा प्रमुख असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ मधील निकालांनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या प्रतिनिधीचे स्थानही पक्के झाले. ही समिती किमान ५ नावे पाठवते, कुलपती उमेदवारांशी बोलतात आणि एकाची नेमणूक करतात. मुदत ५ वर्षे किंवा वयाची ६५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते. त्याच विद्यापीठात दुसरी मुदत नाही.

या शेवटच्या अटीचा परिणाम बाहेरून दिसत नाही. कुलगुरू पहिले वर्ष घर ओळखण्यात घालवतात आणि शेवटच्या वर्षी फाइली आपोआप मंदावतात, कारण ‘नवीन साहेब येतील तेव्हा बघू’ हे वाक्य प्रत्येक विभागात ऐकू येऊ लागते. मधली ३ वर्षे कामाची. त्यात प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाता (विद्याशाखांचे प्रमुख) यांची मुदत कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली असल्यामुळे कुलगुरू गेले की वरची सगळी फळी एका दिवसात रिकामी होते. २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे या राज्यातील दोन्ही मोठ्या विद्यापीठांच्या कुलगुरूंची मुदत संपली आणि जून २०२३ मध्ये नव्या नेमणुका होईपर्यंत दोन्हीकडे प्रभारी कुलगुरू होते. प्रभारी व्यक्तीला कायद्याने अधिकार सगळे असतात, पण ५ वर्षांनंतर ज्याचे फळ दिसेल असा निर्णय तिने का घ्यावा? ती रोजची डाक संपवते, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

आता कुलगुरूंचे अधिकार. बाहेरच्या माणसाला ते अमर्याद वाटतात, कारण व्यवस्थापन परिषद, विद्या परिषद, परीक्षा व मूल्यमापन मंडळ या सगळ्यांच्या बैठकींचे अध्यक्ष तेच असतात. शिवाय कलम १२ चे उपकलम ७ आहे. तातडीची परिस्थिती असेल तर जो निर्णय एरवी एखाद्या प्राधिकरणाने घ्यायचा तो कुलगुरू स्वतः घेऊ शकतात आणि नंतर त्या प्राधिकरणाला कळवतात. प्राधिकरणाला तो मान्य नसेल तर विषय कुलपतींकडे जातो आणि त्यांचा निर्णय अंतिम असतो. १९९४ च्या कायद्यात हीच तरतूद कलम १४(७) मध्ये होती. जुने कर्मचारी अजून ‘चौदा सात करून घ्या’ असेच म्हणतात.

ही फाइल कशी दिसते ते सांगते. कक्षाधिकारी टिपणी लिहितो : अमुक विषय अमुक मंडळापुढे ठेवणे आवश्यक आहे, तथापि मंडळाची बैठक नजीकच्या काळात नसल्याने व विषय विद्यार्थिहिताचा व तातडीचा असल्याने मा. कुलगुरूंनी कलम १२(७) अन्वये मान्यता द्यावी, अशी विनंती. खाली सहायक कुलसचिव, उपकुलसचिव आणि कुलसचिव यांच्या सह्या चढत जातात आणि शेवटी ‘मान्य’ असा एक शब्द व दिनांक येतो. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तळाशी, बाकीच्या किरकोळ बाबींच्या गर्दीत, ‘घेतलेल्या निर्णयाची नोंद घेणे’ असा विषय येतो आणि चहा येईपर्यंत त्याची नोंद घेतलीही जाते. महापूर, साथ, न्यायालयाचा आदेश अशा वेळी हे कलम हवेच. पण अनेकदा तातडी खरी नसते. बैठक वेळेवर बोलावली नाही म्हणून ती निर्माण झालेली असते. विद्यापीठाचे नेतृत्व कसे आहे हे पाहायचे असेल तर कुलगुरूंची भाषणे ऐकण्यापेक्षा वर्षभरात या कलमाखाली किती आणि कोणते निर्णय झाले, याची यादी मागावी.

कुलगुरूंना काय करता येत नाही, याची यादी मोठी आहे. कलम ८ नुसार राज्य शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ शिक्षकाचे किंवा कर्मचाऱ्याचे नवे पद निर्माण करू शकत नाही, वेतन किंवा भत्ते वाढवू शकत नाही, विशिष्ट कामासाठी मिळालेला निधी दुसरीकडे वळवू शकत नाही आणि स्थावर मालमत्ता हस्तांतरित करू शकत नाही. मंजूर पदे भरायची तरी वित्त विभागाची संमती, बिंदुनामावलीची (पदांच्या आरक्षणाच्या क्रमवारीची) तपासणी, जाहिरात, छाननी, निवड समिती असा प्रवास आहे, आणि त्यात कुठे आरक्षणाचा शासन निर्णय बदलला की पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. तुमच्या तिसऱ्या मित्राचे म्हणणे येथे खरे आहे : मंत्रालय विद्यापीठाला काय करावे हे फारसे सांगत नाही, पण माणसे किती असतील हे तेच ठरवते, आणि माणसांवाचून बाकीचे अधिकार कागदावर राहतात.

प्राधिकरणांपैकी व्यवस्थापन परिषद ही कार्यकारी सत्ता आहे. करार, खरेदी, नेमणुका, इमारती, शिस्तभंगाच्या कारवाया आणि अध्यादेश (विद्यापीठाचे अंतर्गत नियम) हे तिचे क्षेत्र. विद्या परिषद शैक्षणिक दर्जा सांभाळते आणि अभ्यासक्रम अभ्यास मंडळातून विद्याशाखेमार्गे तिच्याकडे येतात. बाकीची मंडळे बरीच आहेत, ती तुमच्या प्रश्नाच्या बाहेरची असल्याने सोडून देते. एक मात्र तुमच्या कामाचे आहे, ते म्हणजे परीक्षा व मूल्यमापन मंडळ.

तुमचा निकालाचा विषय आता या टेबलांवरून फिरवून पाहू. कायद्यातच म्हटले आहे की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काहीही झाले तरी ४५ दिवसांत तो लागावा. न लागल्यास विलंबाची कारणे वरपर्यंत कळवावी लागतात. मग रखडतो कुठे? उत्तरपत्रिका केंद्रीय मूल्यांकनासाठी ‘कॅप’ केंद्रावर येतात. तेथे तपासायला शिक्षक यावे लागतात. कायद्याने परीक्षेचे काम शिक्षकांना बंधनकारक आहे, पण ज्या महाविद्यालयात एका विषयाला एकच पूर्णवेळ शिक्षक आणि बाकीचे तासिका तत्त्वावरचे आहेत, तेथून पाठवणार कोणाला? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला सत्र संपले की मानधन नाही, मग त्याने उन्हाळ्यात ८० किलोमीटर प्रवास करून का यावे? उत्तरपत्रिका तपासून झाल्या तरी महाविद्यालयांनी अंतर्गत गुण वेळेत भरलेले नसतात, आणि एका महाविद्यालयाच्या एका विषयाचे गुण राहिले तरी त्या मुलांचे निकाल ‘राखीव’ दिसतात. त्यानंतर संगणक प्रणालीचा ठेकेदार येतो. त्याचा करार व्यवस्थापन परिषदेने केलेला असतो, पण त्याच्याकडून काम करून घेणारा परीक्षा विभागातला अधिकारी प्रभारी असतो आणि त्याच्याकडे आणखी दोन विभागांचा पदभार असतो.

म्हणजे एका उशिरामागे शासनाने न भरलेली पदे आहेत, प्राचार्यांची ढिलाई आहे, परीक्षा मंडळाचे नियोजन आहे आणि व्यवस्थापन परिषदेचा करारही आहे. प्रत्येक टेबल दुसऱ्याकडे बोट दाखवते आणि प्रत्येकाचे बोट थोडेफार योग्य दिशेला असते. येथेच कुलगुरूंचे नेतृत्व लागते. नवीन पदे ते देऊ शकत नाहीत. परंतु परीक्षेचे वेळापत्रक ठरवतानाच तपासनीसांची यादी हातात असावी असा आग्रह, अंतर्गत गुण न भरणाऱ्या महाविद्यालयावर कारवाई, आणि दर आठवड्याला विषयनिहाय शिल्लक उत्तरपत्रिकांचा तक्ता समोर घेऊन बसण्याची सवय, एवढे त्यांच्या हाती असते. हे करणारे कुलगुरू मी पाहिले आहेत, आणि तेवढ्यावर निकाल आठवड्यांनी अलीकडे आलेलेही पाहिले आहेत. ते फार बोलत नसत. तक्त्यातल्या एका आकड्यावर बोट ठेवून ‘हे कालही एवढेच होते’ असे म्हणत आणि थांबत.

याउलट घाईचा निर्णय काय करतो, हे २०१७ मध्ये मुंबईत दिसले. उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत एकाच हंगामात सगळ्या विद्याशाखांना लागू करण्यात आली. कल्पना वाईट नव्हती. आज बऱ्याच विद्यापीठांत ती चालते. पण एका विद्याशाखेत एखाद-दुसरे सत्र चाचणी घेऊन, शिक्षकांना सराव देऊन पुढे जाण्याऐवजी सगळे एकदम केले गेले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घालून दिली, तरी निकाल त्यापुढे रेंगाळतच राहिले. मला यात तंत्रज्ञानापेक्षा कारभाराचा धडा महत्त्वाचा वाटतो : प्राधिकरणांतील ज्या सदस्यांनी ‘हे झेपेल का’ असे विचारायचे असते, त्यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाल्याशिवाय विषय पुढे सरकता कामा नये. तुम्हाला जायचे आहे ती अधिसभा असे प्रश्न विचारण्याचीच जागा आहे.

अधिसभेविषयी खोटी आशा देणार नाही आणि तिला कमीही लेखणार नाही. तिच्यात प्राचार्यांचे १०, महाविद्यालयीन अध्यापकांचे १०, संस्थाचालकांचे ६ आणि नोंदणीकृत पदवीधरांचे १० निर्वाचित प्रतिनिधी असतात. त्याशिवाय पदसिद्ध अधिकारी, विद्यापीठ विभागांतील अध्यापक, कुलपतींनी नामनिर्देशित केलेले सदस्य व विधिमंडळाचे प्रतिनिधी असतात. पदवीधरांच्या १० जागांपैकी ५ खुल्या आणि ५ राखीव आहेत. अधिसभा निकाल लावत नाही, कुणाची नेमणूक करत नाही, अभ्यासक्रमही ठरवत नाही. मात्र विद्यापीठाचा अर्थसंकल्प, वार्षिक अहवाल, लेखे आणि लेखापरीक्षण अहवाल तिच्यापुढे येतात. परिनियम, म्हणजे कायद्याखालील विद्यापीठाचे मुख्य नियम, ती करते. आणि ज्या व्यवस्थापन परिषदेच्या हातात खरी कार्यकारी सत्ता आहे तिच्यावर अधिसभा आपल्यातूनच प्राचार्य, अध्यापक, संस्थाचालक व पदवीधर यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी निवडून पाठवते. हा शेवटचा अधिकार लोक विसरतात. पहिल्या बैठकीनंतर फोटो काढून घरी जाणारे सदस्य पुढे ‘आम्हाला कुणी विचारत नाही’ म्हणतात, कारण त्या दोन जागांसाठीची जुळवाजुळव त्यांच्या डोळ्यांदेखत होऊन गेलेली असते.

यातले सर्वांत दुर्लक्षित साधन अर्थसंकल्प आहे. वित्त व लेखा समिती आणि व्यवस्थापन परिषद यांतून तो साधारणतः मार्चमध्ये अधिसभेपुढे येतो. जाडजूड पुस्तक बैठकीपूर्वी घरी येते आणि बहुतेक सदस्य कुलगुरूंच्या भाषणाची चार पाने वाचून ते ठेवून देतात. तुम्ही थेट लेखाशीर्षांच्या पानांवर जा. प्रत्येक ओळीत साधारणपणे मागच्या पूर्ण वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाची मूळ तरतूद, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाची तरतूद असे रकाने असतात. परीक्षा विभागाच्या ओळी काढा. मूल्यांकन केंद्रांच्या सुविधांसाठी तरतूद दरवर्षी भरघोस, सुधारित अंदाजात ती निम्मी आणि प्रत्यक्ष खर्चाच्या रकान्यात जवळजवळ शून्य असे दिसले, तर तुमचा प्रश्न तयार झाला : पैसा असताना काम का झाले नाही, आणि कोणत्या टेबलावर थांबले? असा प्रश्न लेखी आला की वित्त व लेखा अधिकारी परीक्षा विभागाकडून लेखी खुलासा मागवतात, आणि आम्ही विद्यापीठातले लोक भाषणाला घाबरत नाही, लेखी खुलाशाला घाबरतो. ‘निकाल उशिरा का लागतात’ या प्रश्नाला मात्र ‘निकाल वेळेत लावण्याचे सर्वतोपरी प्रयत्न सुरू आहेत’ एवढेच उत्तर मिळेल, कारण तसे उत्तर आम्हीच लिहून देत असू.

प्रस्ताव मांडतानाही हेच ध्यानात ठेवा. ‘निकाल वेळेत लावावेत असे ही अधिसभा ठरवते’ हा ठराव एकमताने मंजूर होईल आणि तेथेच संपेल. त्याऐवजी ‘प्रत्येक परीक्षेनंतर ४५ व्या दिवशी प्रलंबित निकालांचा विषयनिहाय तक्ता व विलंबाचे कारण विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करावे आणि तो पुढील अधिसभेच्या विषयपत्रिकेसोबत जोडावा’ असे लिहिले तर काम कुणी, कधी आणि कोठे करायचे हे ठरते. प्रशासनाला ते मान्य नसेल तर विषय परीक्षा मंडळाकडे ‘विचारार्थ’ पाठवला जाईल. हरकत नाही. पुढच्या बैठकीत मागील ठरावांवरील कार्यवाहीचा अहवाल येतो, त्यात तुमचा ठराव शोधा आणि समोर ‘कार्यवाही सुरू आहे’ असे असेल तर कोणत्या दिनांकाच्या कोणत्या बैठकीत तो ठेवला गेला, ते विचारा. सूचना देण्याच्या मुदती परिनियमांत ठरलेल्या असतात आणि त्या चुकल्या की उत्तम प्रस्तावही दाखल होत नाही. सभा विभागातल्या कर्मचाऱ्यांशी गोडीने वागा, मुदती तेच सांगतात.

निवडणुकीविषयी तुम्ही फारसे विचारलेले नाही, तरी थोडे सांगते. मतदान पसंतीक्रमाने होते आणि पदवीधर झालो म्हणजे मतदार झालो असे नसते. नाव स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. त्यामुळे ज्याच्याकडे नोंदणी करून घेणारी संघटना आहे तो आधीच पुढे असतो. मुंबई विद्यापीठात २०१८ आणि २०२४ या दोन्ही निवडणुकांत पदवीधरांच्या सर्व १० जागा युवासेनेने जिंकल्या. यांपैकी दुसरी निवडणूक अनेकदा पुढे ढकलली गेल्यानंतर न्यायालयाच्या आदेशाने सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. अपक्ष म्हणून उभे राहणे अशक्य नाही, विशेषतः लहान विद्यापीठांत, परंतु नोंदणीच्या काळात न केलेले काम प्रचारात भरून निघत नाही. एखाद्या पक्षाच्या किंवा संघटनेच्या पॅनेलमधून जायचे ठरवले तरी त्यात मला काही गैर वाटत नाही. फक्त व्यवस्थापन परिषदेच्या निवडणुकीत तुमचे मत पॅनेल ठरवणार की तुम्ही, हे आधी बोलून घ्या.

अजून एक वाट आहे, तीही प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमचा हेतू केवळ तालुक्यातल्या निकालांपुरता असेल तर अधिसभेची ५ वर्षे त्यासाठी कदाचित जास्तच होतील. दोन-तीन प्राचार्यांना सोबत घेऊन अंतर्गत गुण भरण्याची आणि तपासनीस पाठवण्याची आपल्या बाजूची शिस्त लावली, आणि मग परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांना महाविद्यालयांची नावे व प्रलंबित विषयांची यादी देऊन भेटलात, तर एका सत्रात फरक दिसू शकतो. अशा भेटीला शिष्टमंडळ आणि घोषणा घेऊन जाऊ नका, यादी घेऊन जा. उलट, विद्यापीठाचा कारभार समजून घेऊन त्यावर लक्ष ठेवण्याची तुमची खरोखर इच्छा असेल तर अधिसभेत अवश्य जा. तेथे पुस्तक उघडून बसणाऱ्या सदस्यांची वाण आहे.

तुमचे विद्यापीठ कोणते, रखडलेले निकाल कोणत्या विद्याशाखेचे आणि कोणत्या सत्राचे, आणि ते ‘राखीव’ दिसतात की मुळात जाहीरच झालेले नाहीत, हे कळवलेत तर नेमके कोणत्या टेबलाकडे जावे हे मला अधिक निश्चितपणे सांगता येईल. ‘राखीव’ असतील तर बहुधा गाठ महाविद्यालयातच आहे आणि त्यासाठी विद्यापीठापर्यंत जाण्याआधी प्राचार्यांच्या कार्यालयातील परीक्षा विभागाच्या लिपिकाला भेटलेले बरे.